गाडी नाशकातच राहू द्या: मुंबईत नव्याने येणाऱ्यांसाठी

नोकरीचं पत्र हातात पडलं की नाशिक-कोल्हापूरकडच्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले असतात. घर कुठे बघू? आणि गाडी आत्ताच आणू की मागाहून? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: निदान सहा महिने आणू नका. हप्ता भरताय म्हणून ती आणलीच पाहिजे असं नाही. घरच्यांना वापरू द्या, नाहीतर विकून टाका.

मुंबईत गाडीची जागा घेईल असं एकच एक वाहन शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. इथे प्रवासाचे तुकडे पडतात. मधला लांब तुकडा रुळांवरून. दोन्ही टोकांना बस, शेअर रिक्षा किंवा आपले पाय. मीटरची टॅक्सी आणि ॲपवरची कॅब फक्त तिथे, जिथे यातलं काहीच चालत नाही. खाली सांगतोय ते सगळं या तुकड्यांचा मेळ कसा घालायचा एवढंच आहे.

पहिली पायरी: घराआधी स्टेशन ठरवा

दलाल ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणतो, ती पाच मिनिटं रिक्षाची असतात आणि तीही रात्री अकराची. तुम्ही कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या इमारतीखाली उभे राहा आणि स्टेशन गाठून बघा. घराची चौकशी यापुढे सुरू होते.

आधी ऑफिसचं स्टेशन शोधा. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, असेल तर वांद्रे किंवा कुर्ला, शिवाय मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन. पवई असेल तर कांजुरमार्ग. अंधेरी पूर्वेच्या सीप्झ-एमआयडीसी या औद्योगिक भागाला मेट्रो ३ ची स्टेशनं आहेत. नरिमन पॉइंटला चर्चगेट किंवा मेट्रोचं विधान भवन. मग त्याच लाइनवर घर बघा. गाडी एकदा बदलावी लागली तर माणूस सरावतो, दोनदा बदलावी लागली की तीन महिन्यांत नोकरी नाहीतर घर बदलायचे विचार सुरू होतात. भाडं दोन हजारांनी कमी मिळतंय म्हणून जास्तीचा बदल पत्करू नका.

नवख्याला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे पूर्व आणि पश्चिम. पत्त्यातलं ‘अंधेरी पूर्व’ म्हणजे रुळांच्या पूर्वेला. नकाशावर घर आणि ऑफिस हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मध्ये रूळ असतील तर पूल किंवा सबवे ओलांडायलाच वीस मिनिटं जाऊ शकतात. शक्यतो घर स्टेशनच्या ज्या बाजूला, रोजचा बाजार आणि मुलांची शाळाही त्याच बाजूला असू द्या. रुळांपलीकडच्या शाळेसाठी पुढे गाडी घ्यावी लागलेली कुटुंबं इथे कमी नाहीत.

दुसरी पायरी: फोनमध्ये काय हवं

फार नको. लोकलच्या तिकिटासाठी रेल्वेचं रेलवन ॲप, बेस्टच्या बसची वेळ आणि तिकीट बघायला चलो, आणि एखादं कॅबचं ॲप. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपवर मेट्रो, लोकल, बेस्ट आणि ठाणे-नवी मुंबईच्या पालिका बसची तिकिटं एकत्र निघतात. एकाच प्रवासात बस आणि मेट्रो दोन्ही लागत असतील तर ते सोयीचं. मेट्रोसाठी बँकेचं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड घेतलंत तर क्यूआर उघडत बसावं लागत नाही. कार्ड नसेल तर भुयारी मेट्रोचं तिकीट खाली उतरण्याआधीच काढा, खाली नेटवर्कचा भरवसा धरू नका.

आणि खिशात दहा-वीसच्या नोटा. ॲपं कितीही आली तरी शेअर रिक्षात सुट्ट्यांना पर्याय नाही.

तिसरी पायरी: लोकलचा पास

पहिला आठवडा रोजचं तिकीट काढा, घाईने पास काढू नका. कोणती गाडी, कोणता डबा, कुठे उतरायचं हे ठरलं की मग पास. दुसऱ्या वर्गाचा ठाणे–सीएसएमटी महिन्याचा पास तीनशे रुपयांच्याही आत येतो. तीन महिन्यांच्या पासाला महिन्याच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे तिथेही थोडी बचत. साध्या लोकलचं किमान तिकीट ५ रुपये, एसी लोकलचं ३५. दुसऱ्या वर्गाच्या पासावर एसी लोकलमध्ये चढू नका. दार आपोआप बंद झाल्यावर टीसी समोर उभा राहिला की वाद घालण्यात अर्थ नसतो. फरकाचं भाडं वर किमान २५० रुपये दंड.

मोबाईलवरचं तिकीट घरातून निघतानाच काढा. स्टेशनात, रुळांजवळ पोचलात की ॲप तिकीट काढू देत नाही. काढलंत की तासाभरात प्रवास सुरू करा. जमलंच नाही तर स्टेशनवर एटीव्हीएम, म्हणजे आपलं आपण तिकीट काढायची यंत्रं असतात आणि त्यांच्याजवळ बऱ्याचदा मदतीला माणूसही असतो.

आता इंडिकेटर. आधी गाडीचं अक्षर, मग फास्ट (मोजक्या स्टेशनांवर थांबणारी) की स्लो, मग डबे बारा की पंधरा. मध्य रेल्वेवर ‘टी’ ठाणे, ‘के’ कल्याण इथवर ठीक, पण ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. एन म्हणजे उत्तरेकडचा फाटा, एस म्हणजे दक्षिणेकडचा. हे ‘एस’ गाडीचं अक्षर आहे, त्यापुढचा ‘एस’ स्लोचा, म्हणजे एकाच पाटीवर दोन एस दिसू शकतात. घोळ व्हायचा तो पहिल्या आठवड्यातच होऊन जातो.

दादर मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेंचं सामाईक, तिथे गाडी बदलायची पाळी येणारच. डिसेंबर २०२३ पासून तिथले मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ असे ओळीने आहेत. पूर्वी दोन्हीकडे एक नंबर, दोन नंबर असायचे आणि ‘एक नंबरवर भेटू’ म्हणणारी दोन माणसं वेगवेगळ्या फलाटांवर एकमेकांना शिव्या घालत उभी राहायची. जुने मुंबईकर अजून जुनेच नंबर सांगतात, तुम्ही पाटी वाचा.

विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायचं म्हणून चढू नका. गाडी थांबते, पण दारातले लोक तुम्हाला उतरू देतील याची खात्री नाही, आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही: त्यांना जागा तुमच्यापेक्षा पुढपर्यंत हवी असते. बोरिवलीसाठी बोरिवली लोकल असते. मध्य रेल्वेवर ठाण्यासाठी कर्जत-कसारा फास्ट पकडू पाहणाऱ्यांनाही हेच. आपल्या स्टेशनला संपणारी किंवा तिथून सुटणारी गाडी शोधली की निम्मा त्रास संपतो, मग ती पंधरा मिनिटं उशिरा का असेना.

आत शिरल्यावर ‘कुठे उतरणार?’ असं विचारलं तर ती चौकशी नसते, तुमच्या सीटचं बुकिंग असतं. खरं सांगा. तीन जणांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा देणं हा इथला रिवाज, लाजू नका आणि कुणी सरकायला सांगितलं तर तोंड वाकडं करू नका. पाठीवरची सॅक पुढे घ्या. उतरायच्या आधी एक स्टेशन दाराकडे सरकायला लागा आणि फलाट कोणत्या बाजूला येणार ते शेजाऱ्याला विचारून ठेवा.

महिलांसाठी प्रत्येक गाडीत राखीव डबे आहेत, गर्दीच्या वेळी काही लेडीज स्पेशलही सुटतात. रात्री उशिरा एकटीने प्रवास करताना पोलीस असलेल्या महिला डब्यात बसा. लोहमार्ग पोलिसांची हेल्पलाइन १५१२ फोनमध्ये टाकून ठेवा. रात्री साधारण एक ते चार लोकल बंद असतात. रविवारी बाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद) कोणत्या मार्गावर आहे ते बघा, शनिवारच्या पेपरात येतं.

मेट्रोबद्दल फार सांगायला नको, ती पाट्या वाचून कळते. लक्षात ठेवायचे ते फक्त जोड: घाटकोपरला मध्य रेल्वे आणि मेट्रो १, अंधेरीला पश्चिम रेल्वे आणि मेट्रो १, मरोळ नाक्याला मेट्रो १ आणि मेट्रो ३. डोंबिवलीत राहून अंधेरीला नोकरी करणाऱ्याचा दादरचा वळसा घाटकोपरच्या जोडामुळेच वाचला. २०१४ मध्ये मेट्रो १ सुरू झाली तेव्हापासून तिथला रेल्वे-मेट्रो जोडणारा पूल सकाळी वाहता असतो. आरे ते कफ परेड हा मेट्रो ३ चा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला, आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनलं तिच्यावर आली. एक बॅग घेऊन विमान पकडायचं असेल तर आता कॅबची गरज नाही.

चौथी पायरी: स्टेशनबाहेरचे दोन किलोमीटर

माझ्या मते गाडी घ्यायची की नाही याचा फैसला इथे होतो. लोकलला कंटाळून गाडी घेणारे कमी. स्टेशनबाहेर रोज अर्धा तास रिक्षा शोधून वैतागलेले जास्त.

आधी बेस्ट. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२. दिवसभर फिरायचं असेल तर ७५ रुपयांचा दैनिक पास आहे. तक्रारी कितीही असोत, स्टेशन ते वस्ती अशा फीडर मार्गावरची छोटी बस वेळेवर मिळाली तर तिच्याइतकं स्वस्त काही नाही. चलोवर ती नकाशावर सरकताना दिसते. दहा मिनिटांत येत असेल तर थांबा, जास्त लागणार असतील तर रिक्षाच्या रांगेत जा. थांब्यावर उभं राहून नुसती वाट बघायचे दिवस गेले.

मग शेअर रिक्षा. कांजुरमार्ग पश्चिमेला सकाळी नऊला उतरा आणि आयआयटी-हिरानंदानीकडे जाणारी रांग बघा. पोलीस नाही, दोरी नाही, तरी माणसं एकामागे एक उभी. पुढची रिक्षा येते, तिघं मागे बसतात, रिक्षावाला मान न वळवता निघतो. कुठे जायचं कोणी सांगत नाही, कारण रांगच त्या ठिकाणाची असते. पवई तलावाच्या अलीकडे कुठेतरी नोटा पुढे जायला लागतात. कडेचा मधल्याकडे देतो, मधला पुढे, सुट्टे त्याच वाटेने परत येतात. आधी उतरायचं असेल तर मध्ये बसू नका. आत शिरतानाच ‘मी आधी उतरणार’ म्हणालात तर लोक कडेची जागा देतात.

नव्या ठिकाणी रांग कुठली हे रिक्षावाल्याला नाही, रांगेतल्या शेवटच्या माणसाला विचारा. ‘ही एमआयडीसीची का? किती घेतात?’ भाडं ठरलेलं असतं आणि तो रोज देतो. रिक्षावाल्याला विचारलंत तर तुमचा चेहरा नवा आहे हे त्यालाही कळतं. चौथा माणूस ड्रायव्हरशेजारी बसतो तिथे बसू नका. उपनगरांत हे सर्रास दिसतं, पण बेकायदा आहे आणि वळणावर बाहेर फेकला जाणारा तोच असतो.

शेअर टॅक्सी दक्षिण मुंबईत. चर्चगेटहून नरिमन पॉइंटकडे जाणारी रांग सगळ्यात जुन्या रांगांपैकी. चार जण भरले की निघते.

रांग तीस माणसांची असेल तर घाबरू नका. ती झरझर सरते. खरी अडचण संध्याकाळी परतताना होते, कारण ऑफिसच्या टोकाला रांग लागेलच असं नाही. तिथे दोन सहकारी धरून मीटरने स्टेशन गाठणं शेअरइतकंच पडतं.

अंतर दीड किलोमीटरपर्यंत असेल तर चाला. ऑक्टोबर आणि मे सोडले तर जमतं. बीकेसीत युलूच्या छोट्या विजेच्या दुचाक्या भाड्याने मिळतात. ठरलेल्या जागेवर लावायची तेवढी खबरदारी घ्या, नाहीतर मीटर चालूच राहतं.

पाचवी पायरी: मीटर

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पलीकडे, म्हणजे मुख्य शहरात, येत नाही. तिथे काळी-पिवळी टॅक्सी. घरचे पाहुणे पहिल्यांदा येतात तेव्हा दादरला उतरून रिक्षा शोधत बसतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

१ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये. पुढे दर किलोमीटरला १७.१४ आणि २०.६६. म्हणजे वाहतुकीत न अडकता दहा किलोमीटर गेलात तर रिक्षाचे साधारण १७२, टॅक्सीचे २०७. अडकलात तर थांबण्याचे पैसे वर चढतात. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. हा हिशोब डोक्यात ठेवला की ॲपवर दिसणारा आकडा वाजवी आहे का हे लगेच कळतं.

रिक्षा थांबवताना ज्या दिशेला जायचं त्याच बाजूच्या कडेला उभे राहा. उलट्या बाजूला उभं राहून हात केलात तर निम्मे रिक्षावाले थांबतच नाहीत. भाडं नाकारणं कायद्याने गुन्हा आहे, नंबर टिपून आरटीओकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते. पण नकारामागे दर वेळी माज नसतो. दुपारी चार-पाचच्या सुमाराला गाडी दुसऱ्या पाळीच्या ड्रायव्हरकडे द्यायची असते किंवा सीएनजीच्या रांगेत लागायचं असतं. तेव्हा त्यांच्या वाटेवरचं ठिकाण सांगितलंत तर येतात. ‘दादा, मीटरने येणार ना?’ एवढं बसण्याआधी. बसल्यावर मीटर शून्यावरून सुरू झालं का ते बघा.

रोज एकाच वेळी निघत असाल किंवा घरात म्हातारी माणसं असतील तर नाक्यावरच्या एखाद्या भरवशाच्या रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. दवाखान्याच्या फेऱ्यांना याच्यासारखी सोय नाही. तब्येत अचानक बिघडली तर मात्र रिक्षा नाही, कॅब नाही, १०८.

सहावी पायरी: ॲपची कॅब कधी

रात्री लोकल बंद झाल्यावर, दोन मोठ्या बॅगा असताना, चौघं मिळून लग्नाला जाताना. एरवी नाही. सकाळी नऊला पश्चिम द्रुतगती मार्गावर कॅबमध्ये बसणं म्हणजे जास्त पैसे मोजून उशिरा पोचणं.

गाडी आली की नंबर जुळवा आणि पाटीचा रंग बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. विजेवर चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. पांढरी पाटी घेऊन कोणी भाडं न्यायला आला तर बसू नका, अपघात झाला तर विम्याचे वांधे होतात. ओटीपी गाडीत बसल्यावरच सांगा. ड्रायव्हर फोन करून ‘ॲप बंद करा, रोख द्या’ म्हणाला तर राइड रद्द करा. तुमच्या फेरीची नोंदच राहिली नाही तर बॅग विसरल्यावर शोधायची कुठे?

पाऊस सुरू झाला की भाडी चढतात. दहा मिनिटं चहा प्या, बऱ्याचदा उतरतात.

सातवी पायरी: ऑफिसची बस आणि सामाईक गाडी

घोडबंदर रोडसारख्या, स्टेशनपासून लांब असलेल्या वस्तीत राहत असाल तर सिटीफ्लोसारख्या ॲपवर सीट राखून मिळणाऱ्या एसी बस बघा. लोकलच्या पासाच्या कितीतरी पट महाग, कॅबच्या मानाने स्वस्त, आणि बसायला जागा नक्की. बसमध्ये लॅपटॉप उघडून काम करणारे निम्मे असतात.

सोसायटीत एकाच दिशेला जाणारे तिघं-चौघं असतील तर एकाच्या गाडीतून जाऊन पेट्रोल-टोल वाटून घेणं उत्तम. आठवडे वाटून घ्या, हिशोब महिनाअखेरीला एकदाच. आणि उशीर करणाऱ्यासाठी किती मिनिटं थांबायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा. असे गट पैशांवरून फुटत नाहीत, थांबण्यावरून फुटतात.

पावसाळ्यापुरतं

जून ते सप्टेंबर वेगळा हिशोब. मोठी भरती आणि मुसळधार एकत्र आली की हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे तुंबतात आणि कुर्ला-सायनच्या आसपास लोकल रखडते. सकाळी भरतीची वेळ बघून घ्या. दुपारी दोनला ‘गाड्या लेट’ असं कळलं तर सहापर्यंत वाट बघू नका, लवकर निघा नाहीतर ऑफिसातच राहायची तयारी ठेवा. अशा दिवशी स्वतःची गाडी असती तर बरं, असं वाटतं खरं. पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांची रांग बघितली की वाटणं थांबतं.

शेवटची पायरी: सुट्टीत बाहेरगावी

‘रोज नको, पण सुट्टीला गाडी हवी’ हे सगळ्यात पटणारं कारण. तेवढ्यासाठी भाड्याने घेऊन स्वतः चालवायच्या गाड्या मिळतात. त्यांची पाटी काळी, अक्षरं पिवळी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन घेऊ नका. ताब्यात घेताना चारही बाजूंनी, टपाचा आणि चाकांचा व्हिडिओ काढा, किलोमीटरची मर्यादा आणि फास्टॅगचे पैसे कोणाचे ते विचारा, इंधनाचा काटा टिपून घ्या. अनामतीवरची भांडणं बहुतेक बंपरच्या ओरखड्यावरून होतात.

पुण्याला गाडीची गरजच नाही. दादरहून एसटीच्या ई-शिवनेरी आहेत, टॅक्सीही सीटप्रमाणे मिळतात, आणि डेक्कन क्वीन १९३० पासून धावतेच आहे. अलिबागला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी) बोट, उतरून पुढे बस किंवा रिक्षा. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात.

कोकणातल्यांना सांगायला नको, पण घाटावरून आलेल्यांनी ऐकून ठेवा: लग्न कोकणातल्या घरात झालं असेल तर गणपतीला गावी जावंच लागतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि गणपतीच्या तारखांना मिनिटभरात प्रतीक्षा यादी लागते. दोघांनी दोन फोनवरून आधीच लॉगिन करून, प्रवाशांची नावं भरून बसा. नाही मिळालं तर एसटीच्या जादा गाड्यांचं आरक्षण सुरू झाल्याबरोबर करा. चाळीतली किंवा सोसायटीतली मंडळी मिळून अख्खी एसटी ठरवत असतील तर त्यांच्या यादीत जुलैतच नाव घाला.